हॅकचं स्पेलिंग

इथले अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं गुपचूप वाचते आहे. वाचते आणि हसते, खोटं कशाला बोलू... कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या गाडीचा दिवा घाटात आपोआप विझतो. माझं वय आता चौसष्ट. गुडघे गेले, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, पण असल्या गोष्टींवर विश्वास काही बसला नाही. माझी सासू दर अमावास्येला माझ्यावरून लिंबू उतरवायची, आणि मी मागच्या दारी जाऊन त्याच लिंबाचं सरबत करून प्यायचे. तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सरबत चांगलं व्हायचं.

तरी हे लिहिते आहे, कारण माझी नात म्हणाली, "आजी, मला चौथ्यांदा सांगते आहेस. एकदा लिहून टाक आणि मोकळी हो." ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला सांगताना फार समजावून सांगावं लागत नाही, तुम्हाला थोडं सांगावं लागेल. यात पांढरी बाई नाही, झाड नाही, रात्रसुद्धा नाही. दुपारचे तीन वाजले होते. आणि यातलं जे काही होतं, ते कंप्युटरच्या एका फाईलमध्ये होतं. ज्या ओळी कंप्युटर वाचतच नाही, नेमकं त्या ओळींत.

धारूरच्या अलीकडे, डोंगर सुरू होतो तिथं, आमच्या सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. आसपासच्या गावांचं दूध सकाळ-संध्याकाळ तिथं यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं पुढे जायचं. मी तिथं कंप्युटर विभागाची प्रमुख. विभागात माणसं किती? मी. माझ्या हाताखाली एक टेबलफॅन होता, तोही वीज असली तर.

तेव्हाची मी कशी होते ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चाळिशीला टेकलेली, औरंगाबादची इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, बॉबकट. धारूरच्या त्या मुरमाड आवारात उंच टाचांच्या चपला घालून यायची आणि दर दोन दिवसांनी पाय मुरगळून घ्यायची, पण चपला बदलायची नाही. बोलताना मध्येच इंग्रजी पेरायची. आज ती बाई समोर आली तर तिला बसवून घेईन, चहा देईन, आणि चहात साखरेऐवजी मीठ घालीन.

ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पहिलं वर्ष माणसं बोलत होती, पाऊस येईल, न्हाई येनार, चारा छावणी कुठं उघडली, टँकर कधी आला. दुसऱ्या वर्षी बोलणंच आटलं. दूध अर्ध्यावर आलं. जे येत होतं ते तरी नासू नये एवढीच सगळ्यांची धडपड. दूध थंड करायचं मशीन पाण्यावर चालतं, ते पाणी केंद्राच्या विहिरीतून यायचं, आणि विहिरीत तीन-चार तासांनी गुडघाभर पाणी साचायचं. साचलं की मोटर दहा मिनिटं चालवायची. मग परत वाट बघायची. आम्ही सगळे त्या विहिरीसारखेच झालो होतो. थोडंसं साचायचं, लगेच उपसलं जायचं.

ही मोटर कंप्युटरवरून सुरू व्हायची. हे काम माझ्या आधीच केलेलं होतं, आणि केलं होतं आमच्या दिगंबर मिस्त्रीनं. मिस्त्री म्हणजे केंद्राचा वायरमन. आयटीआय शिकलेला, आष्टीकडचा माणूस, तोंडात कायम तंबाखू. संघानं एक जुना कंप्युटर घेतला, त्यावर फुकटातलं लिनक्स टाकलं, आणि ह्या गड्यानं झेरॉक्स काढलेल्या पुस्तकावरून सी भाषा शिकून मोटरच्या कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कंप्युटर यांची सोयरीक जमवणारा मध्यस्थ. तो नसेल तर दोघं एकाच खोलीत राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. हे काम करायला आमच्या वर्गातले सुवर्णपदकवाले घाबरायचे. पण माझ्या मनात तेव्हा कौतुक आलं नाही. मनात आलं, काय गबाळं लिहिलंय!

प्रोग्राममध्ये दोन प्रकारच्या ओळी असतात. एक यंत्रासाठी, त्या हुकूम असतात. दुसऱ्या माणसासाठी, त्यांना कॉमेंट म्हणतात. इथं काय चाललंय याची आपल्यासाठी आणि पुढे येणाऱ्यासाठी लिहिलेली टीप. यंत्र ती वाचत नाही. प्रोग्राम तयार होताना, म्हणजे कंपाईल होताना, कॉमेंट पहिल्यांदा गाळल्या जातात, भुसा उडवावा तशा. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. मी तीच धरून बसले आहे इतकी वर्षं.

तर मिस्त्रीच्या कॉमेंट. सगळ्या इंग्रजी लिपीत आणि बीडच्या बोलीत. 'हा रिले लई ताठ हाय, दोनदा सांगावं लागतं.' रिले म्हणजे मोटर चालू-बंद करणारा खटका. 'हितं घाई करू नये.' एका ठिकाणी तर 'ह्याच्या नादी लागू नका, मी लागलतो, तीन दिवस गेले.' ओळी वाकड्या, तारे कुठेही, समास नावाला नाही. बैल बुजल्यावर पेरणी जशी होईल तशी ती फाईल दिसायची.

आणि सात ठिकाणी, नुसतंच, मोठ्या अक्षरांत... HAK.

मिस्त्री आणि मी चारेक महिने बरोबर काम केलं. तेव्हा मोटर हाताने, म्हणजे कंप्युटरचं बटन दाबून, सुरू करायची पद्धत होती. आणि मिस्त्री बटन दाबण्याआधी दर वेळी उठून बाहेर जायचा, विहिरीच्या काठावर उभा राहायचा, दोन्ही हात तोंडाशी धरायचा आणि ओरडायचा, "आत कोन हाऽऽय?" मग थोडं थांबायचा. मग येऊन बटन दाबायचा. दिवसातून पाच-सहा वेळा.

एकदा मी वैतागून म्हटलं, "मिस्त्री, वरून दिसतंय ना आत कुणी नाही? कशाला रोजचा तमाशा?"

"मॅडम, हीर सरळ न्हाई," तो म्हणाला. "तळाला कपार हाय. कपारीत बसलेला मानूस दिसत न्हाई. पर ओ देतो."

"आणि घसा बसलाय तुमचा. तंबाखू सोडा आधी."

त्याचा आवाज तेव्हाच घोगरा झाला होता. तो हसला आणि म्हणाला, "हाक मारायपुरता हाय अजून."

नंतर तो रजेवर गेला आणि परत आलाच नाही. ऑफिसात कळलं, तब्येत बरी नाही म्हणून गावी राहिला. मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला काय लागतं? पण तेव्हाच्या त्या बाईला कामं फार होती ना...

तो गेल्यावर मी पहिली सुधारणा केली ती मोटर आपोआप सुरू करण्याची. विहिरीत एक तरंगता गोळा सोडलेला होता. पाणी साचलं की गोळा वर येणार, कंप्युटरला कळणार, मोटर सुरू. माणसाची गरज नाही, हाकांचा तमाशा नाही. विहिरीत कुणाला उतरायचं असेल तर त्यानं आधी कंप्युटरच्या खोलीत सांगायचं, मी आपोआपचं बटन बंद करायचं, एवढा एकच नियम. चेअरमन साहेबांनी सभेत माझं नाव घेतलं. मी आठवडाभर त्या चपलांवर आणखी दोन इंच उंच चालत होते.

मग पुण्याच्या एका कंपनीला हा प्रोग्राम सांभाळायला द्यायचं ठरलं. त्यांच्या इंजिनिअरनं फाईल बघून निरोप पाठवला: कोड ठीक आहे, कॉमेंट नियमात बसवून द्या. ड्रायव्हरच्या कॉमेंट कशा लिहायच्या याचे नियम असतात. सुरुवातीची खूण एकट्या ओळीवर, खाली प्रत्येक ओळीला एक तारा, तारे सरळ रांगेत, ओळ ऐंशी अक्षरांच्या आत. कोडला हात लावायचा नाही, फक्त टापटीप.

मला असलं काम फार आवडायचं. उन्हात सगळं जग करपत होतं आणि मी तारे ओळीत लावत होते. 'लई ताठ हाय'चं मी सभ्य इंग्रजी केलं. 'नादी लागू नका' काढूनच टाकलं. आणि HAK वर आले तेव्हा खूप हसले. कामचलाऊ, तात्पुरती जोडाजोड केली असेल तिथं प्रोग्रामर हॅक असा शब्द लिहून ठेवतात. एच, ए, सी, के. मला वाटलं, बघा, ड्रायव्हर लिहितो आणि हॅकचं स्पेलिंग येत नाही! हा विनोद मी मॅनेजर साहेबांना सांगितला, चेअरमनना सांगितला. सगळे हसले. त्यातल्या एकालाही हॅक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मॅडम हसतायत म्हटल्यावर हसायला हवं.

एका हुकमात सातही ठिकाणी C घातला. फाईल साठवली. प्रोग्राम नव्यानं तयार केला. जुना आणि नवा अक्षर अक्षर ताडून पाहिला, तंतोतंत सारखे. कॉमेंटचा एक कणही आत जात नाही, त्यामुळे सारखेच असायला हवेत. नवा चढवला.

दुसऱ्या दिवशी सहा ठिकाणी HACK होतं आणि सातव्या ठिकाणी, म्हणजे मोटर सुरू होण्याच्या ओळीच्या बरोबर वर, HAK. ओळसुद्धा परत वाकडी, चार घरं डावीकडे सरकलेली.

मला काय वाटावं? थकवा. आम्ही सगळेच थकलेले होतो. घरी दोन दिवसांआड पाणी, सकाळी चारला उठून हंडे भरायचे. त्या वर्षी मी एकदा चहाच्या भांड्यात दुधाऐवजी तांदळाचं धुवण ओतलं होतं, आणि नवरा तो प्याला होता. म्हटलं, राहिलं असेल. हातानं C घातला, ओळ सरळ केली, साठवलं.

दोन दिवसांनी परत HAK.

आता मात्र मी चिडले. घरात कुणीतरी मुद्दाम उशी वाकडी करावी तसं वाटलं. तो सोमवार होता. मी दुपारी डबा खाऊन, पदर खोचून त्या ओळीसमोर बसले. आमच्या कंप्युटरवर एका पडद्यावर मोटरची नोंद उमटायची आणि बटन दाबून दुसऱ्या पडद्यावर जाता यायचं, तिथं माझी फाईल उघडी. C घालायचा, साठवायचं, फाईल बंद करायची, उघडून बघायचं. राहिलाय का C? राहिलाय. परत बंद, परत उघड. शहाणी बाई दुपारी हे करत बसली होती.

तेवढ्यात शेवंता दारात आली. शेवंता आमच्याकडे झाडलोट करायची, चहा करायची. तिचा नवरा निवृत्ती आवारातली पडेल ती कामं करायचा. गाळ काढणं, विहिरीत उतरणं हे त्याचंच.

"मॅडम," ती म्हणाली, "तो गोळा गाळात रुतलाय म्हनं. सकाळधरनं पानी घेईना मोटर. आमचे हे उतरतेत हिरीत, मोकळा करतेत. तेवडी मोटर बंद ठिवा."

"हो हो," मी म्हटलं.

आणि मान फिरवून HAK कडे बघायला लागले.

हे वाक्य लिहायला मला चोवीस वर्षं लागली. घरात कुणालाही हा भाग सांगितलेला नव्हता. नातीलासुद्धा तिसऱ्या खेपेला सांगितला. मी हो म्हटलं आणि आपोआपचं बटन बंद केलं नाही. विसरले. एका C च्या पायी.

आता पुढचं कसं घडणार होतं ते सरळ आहे. निवृत्ती उतरणार, गाळातला गोळा मोकळा करणार, मोकळा झालेला गोळा वर येणार, कंप्युटरला वाटणार पाणी साचलं, आणि निवृत्ती पाण्यात उभा असताना मोटर सुरू होणार. आणि त्या मोटरची केबल... थांबा, ते नंतर कळलं, नंतरच सांगते.

मी कधीतरी सहज नोंदीच्या पडद्यावर आले. शेवटची ओळ होती, पाणी भरलं. त्याच्याखाली लगेच, एका सेकंदात, मोटर सुरू अशी ओळ यायला हवी. आली नव्हती. वेळ पाहिली. पाणी भरल्याला अकरा मिनिटं झाली होती. कर्सर नुसता लुकलुकत उभा.

माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? निवृत्ती? नाही. मनात आलं, मिस्त्रीचा गबाळा कोड अडकला बघा शेवटी! आता संध्याकाळचं दूध नासणार आणि नाव माझं जाणार. हातानं सुरू करायचं बटन होतंच. मी बोट त्यावर ठेवलं. नुसतं ठेवलं होतं, दाबायचं बाकी होतं.

बाहेरून आवाज आला.

"हाऽऽय! हाय, मी हाय!"

विहिरीच्या तळातून येतो तसा, घुमून. निवृत्तीचा. कुणीतरी हाक मारल्यावर ओ द्यावी तसा.

मग शेवंताचा आवाज, काठावरून. "कुनाला ओ देता वो? हितं कुनी न्हाई."

बोट तिथंच राहिलं. मग सगळं एकदम आठवलं, शेवंता, गोळा, माझं 'हो हो'. मी बोट असं उचललं जसं काही ते बटन चुलीतलं होतं. आपोआपचं बटन बंद करायला हवं होतं, तेवढंही सुचलं नाही. तशीच धावत सुटले. चपला वाटेत कुठे गेल्या ते माहीत नाही, मुरूम तापलेला होता, तळव्याला फोड आले ते संध्याकाळी दिसले.

मी काठावर पोचले तेव्हा निवृत्ती लोखंडी पायऱ्या चढून वर येत होता. चिखलानं माखलेला, चेहऱ्यावर काही विशेष नाही. त्यानं कठड्यावर एक पाय टाकला, मग दुसरा टाकला. आणि दुसरा पाय कठड्यावर टेकला तसा मागे खोलीत स्टार्टरचा खटका पडला. खट्ट. मोटर सुरू झाली.

कुणी बटन दाबलं नव्हतं. खोलीत कुणी नव्हतंच.

"वर का आलास?" मी विचारलं.

"आता," निवृत्ती म्हणाला, "मिस्त्रीनं हाक मारली की! दोनदा मारली. आत कोन हाय, मनला. मी ओ दिली. मंग मनला, वर ये. मनून आलो." त्यानं आवारात नजर टाकली. "कुठं गेला? कवा आला गावाकडनं?"

"अवो, कोन मिस्त्री?" शेवंता म्हणाली. "मी हितंच हाय मघापसनं. कुनी न्हाई आलं."

"आवाज वळखतो ना मी त्याचा! उलट लई मोकळा झालाय. बसका हुता आदी, आता पैल्यासारका. हाक अशी मारली की कपारीपातुर आली."

हाक.

मी तिथंच कठड्यावर बसले. एच, ए, के. हाक. त्या माणसाला इंग्रजीचं स्पेलिंग चुकत नव्हतं, मला मराठी वाचता येत नव्हतं. मोटर सुरू होण्याच्या ओळीवर त्यानं लिहून ठेवलं होतं, आधी हाक मार. आणि मी त्यात C घालत होते.

मॅनेजर साहेबांनी दुसऱ्या दिवशी केजहून वायरमन बोलावला. मोटरची केबल पाण्याच्या पातळीला दगडावर घासून उघडी पडली होती. मोटर चालू करून त्यानं टेस्टर लावला, पाण्यात करंट उतरत होता. त्यानं मोटर बंद केली आणि टेस्टर खिशात टाकला. शेवंतानं निवृत्तीचा हात धरला, आमच्या सगळ्यांसमोर, आणि बराच वेळ सोडला नाही. मग मी तिला बाजूला घेऊन माझ्या 'हो हो'चं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आला ना वर." त्यानंतर महिनाभर तिनं माझ्या खोलीत चहा आणला नाही. बरोबरच केलं.

आणि फाईल. त्या सोमवारी संध्याकाळीच मी ती उघडली. सहा ठिकाणी HACK. सातव्या ठिकाणी HAK.

मला वाटलं, मिस्त्री चोरून आला असणार. केंद्रावर, कंप्युटरवर, त्यानंच हे सगळं केलं असणार. दुसरा अर्थच लागत नव्हता. गुरुवारी रजा टाकली, मांजरसुंब्याला गाडी बदलली, तिथं एक कोमट भजं खाल्लं, आणि उन्हाची आष्टीत उतरले. विचारत विचारत घर सापडलं. दारात त्याची बायको होती.

"मिस्त्री आहेत का? सोमवारी आमच्याकडे येऊन गेले म्हणतात."

"कुठं जातेत ते, मॅडम? गळ्याचं आपरेशन झालं, दीड वरीस झालं. डाक्टरनी स्वरयंत्रच काडलं. घराबाहेर पडत न्हाईत. आवाज गेलाय त्यांचा."

मी काही बोलण्याआधी तो आतून आला. खूप वाळला होता. गळ्याला रुमाल. हातात लेकरांची शाळेची असते तसली पाटी. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही, नमस्कार केला नाही, बसा म्हणून खूण केली नाही. त्यानं पाटीवर लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

'आला का वर?'

त्याची बायको म्हणाली, "बगा, हेच चाललंय. सोमवारी दुपारी जेवून पडलते. एकाएकी उठून बसले, घामानं भिजलते. पाटी मागितली आन हेच लिवलं. मी मनलं कोन? कुठनं वर? काय सांगत न्हाईत. तवापसनं रोज लिवतेत, मी काय बोलंना की पुसतेत."

मी म्हटलं, "आला, मिस्त्री. निवृत्ती वर आला. बरा आहे."

त्यानं डोळे मिटले. मग बाहीनं पाटी पुसली, सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

मग मी सगळं सांगितलं, स्पेलिंगचा विनोद, चेअरमनचं हसणं, C. तो हसला. आवाज न करता माणूस इतका हसू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. खांदे हलत होते. मी विचारलं, "पण सात-सात ठिकाणी कशाला लिहिलं? ती ओळ यंत्र वाचत नाही, तुम्हाला माहीत होतं."

त्यानं लिहिलं, 'आपरेशनची तारीक मिळाली तवा लिवलं. तोंडानं मारता येनार न्हवती. मनून लिवून ठिवली.'

मी विचारलं, "सोमवारी काय झालं होतं? झोपेत काय दिसलं?"

त्यानं पाटी मांडीवर घेतली. काहीतरी लिहिलं, मला दाखवायच्या आधीच पुसलं. मग मान हलवली. त्यालाही माहीत नव्हतं.

बास. एवढंच आहे. मिस्त्री त्यानंतर तीन पावसाळे होता. निवृत्ती अगदी अलीकडे गेला, म्हातारा होऊन, स्वतःच्या खाटेवर, शेवंताशी भांडता भांडता. केंद्र कधीच बंद पडलं. पुण्याच्या कंपनीला मी फाईल पाठवली तेव्हा उरलेल्या सहा ठिकाणचाही C काढला होता. त्यांनी लिहिलं, स्पेलिंग तपासा. मी कळवलं, तपासलं आहे, राहू द्या.

नात म्हणते, उन्हानं स्टार्टर अडकला असेल. विहिरीच्या तळाशी कान वाजतात, निवृत्तीला भास झाला असेल. फाईलची जुनी प्रत कुठूनतरी परत येत असेल. मिस्त्रीला स्वप्न पडलं असेल, विहिरींची स्वप्नं त्याला नाही तर कुणाला पडणार? सगळं पटतं मला. एकेक करून सगळं पटतं. पण सगळं एकाच सोमवारी, तीन वाजता? त्यावर ती म्हणते, "आजी, कॉमेंट कंपाईल होत नाही." मला माहीत आहे गं. मी तुझ्या जन्माच्या आधीपासून हेच म्हणते आहे.

आता बीडला आमच्या इमारतीत खाली हौद आहे आणि टाकीत पाणी चढवायची मोटर आहे. माझी पाळी असते त्या दिवशी मी गुडघे धरत खाली जाते. बटन दाबायच्या आधी हौदाचं झाकण सरकवते, दोन्ही हात तोंडाशी धरते आणि विचारते, आत कोण आहे? वॉचमन हसतो. दुसऱ्या मजल्यावरची सून मोबाईलवर व्हिडिओ काढते, काढू दे. हौद दोन फूट खोल आहे, त्यात मांजर बसलं तरी वरून दिसेल.

मी थोडं थांबते. ओ आली नाही, की मग दाबते.